झाकणाच्या आतली सही

मामाचं तेरावं झालं आणि मामीने माळ्यावरचं एक खोकं खाली काढायला सांगितलं. "हे तुझंच. तूच ने," म्हणाली. आत पिवळा पडलेला व्हिडिओ गेम, वायरी गुंडाळून ठेवलेले दोन रिमोट आणि चार कॅसेट. एकीचं लेबल उंदराने कुरतडलेलं.

मिरजेत मामाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं; हे गेम आणि कॅसेटही तो तिथेच विकायचा. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी गिऱ्हाईक नसलं, की दुरुस्त झालेल्या एखाद्या टीव्हीला तो आम्हाला गेम जोडून द्यायचा. कॅसेट अडली की आम्ही पोरं तिच्यात जोरात फुंकर मारायचो. मामाला ते मुळीच खपत नसे. "थुंकी उडते, गंज चढतो," म्हणत तो कॅसेट काढून घ्यायचा आणि खोडरबराने तिचे दात एकाच दिशेने, हलक्या हाताने घासायचा. मग मऊ फडकं. मग फुंकर नव्हे, नुसती नजर.

एकदा त्याने एक कॅसेट उघडूनच दाखवली. एवढ्या मोठ्या डब्यात हिरवी पट्टी तेवढी बोटभर, आणि तिच्यावर डांबरासारखा वाळलेला एक काळा थेंब. "सगळे गेम या थेंबाखाली, भाच्या." लेबलवर ९९९९ गेम लिहिलेले असत. खरे सात-आठच. पण त्यात कॉन्ट्रा होता.

कॉन्ट्राची किल्लीही मामाचीच. गेम सुरू व्हायच्या आधी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए. लेझीम शिकवावी तसा तो ठेक्यात म्हणून घ्यायचा. साधलं की तीनऐवजी तीस लाइफ.

ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने घडवली, हे मला २०२० च्या फेब्रुवारीत कळलं. तो वारल्याची बातमी होती. कोनामी कंपनीत असताना १९८६ साली ग्रेडियस हा गेम फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आणायचं काम त्याच्याकडे होतं. तपासताना त्याला स्वतःलाच तो झेपेना, म्हणून त्याने बटणांची ही ओळ आत घातली आणि ती तशीच बाजारात गेली. पुढे ती कॉन्ट्रात आली, आणि कुठल्या कुठे मिरजेत. ज्याच्या जिवावर आम्ही तीस-तीस वेळा जगलो, त्याचं नाव मी तो गेल्यावर पहिल्यांदा वाचलं.

त्या रात्री संगणकावर एम्युलेटर टाकला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची चाल हुबेहूब चालणारा प्रोग्राम. असा प्रोग्राम करणं बेकायदा नाही, असा कौल अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सोनीच्या खटल्यात २००० सालीच दिला. वाद असतो तो त्यात घालायच्या गेमच्या प्रतीचा. मी अस्सल कॅसेटवरून उतरवलेली प्रत मिळवली, आणि पहिल्याच पडद्यावर थबकलो. खाली कोनामीचं नाव होतं, १९८८ साल होतं. आमच्या कॅसेटवर ती ओळच नव्हती. नक्कल करणाऱ्यांनी ती पुसली होती.

मामाने विकलं ते चोरीचं होतं. लिहिताना हात जड होतो, पण ते तसंच आहे. मिरजेत अस्सल कॅसेट माझ्या कधी नजरेला पडली नाही, हेही तितकंच खरं; पण मला सलतं ते पुसलेलं नाव. पैसे बुडाले ते एका कंपनीचे. नाव पुसलं तेव्हा आम्हा पोरांना वाटत राहिलं, की हे गेम कुणी केलेलेच नाहीत, आंब्याला मोहोर यावा तसे ते आपोआप आले आहेत.

कॉन्ट्रा आज रीतसर मिळतो. २०१९ साली जुन्या कॉन्ट्रांचा संच निघाला. मी तो विकत घेतला, फार उशिरा. पण बाकीच्यांचं काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजदाद केली: अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा विकतच मिळत नव्हते. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. जुने गेम अभ्यासकांना घरबसल्या उघडू द्यावेत, ही ग्रंथालयांची मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली फेटाळली. तिथे कंपनीच्या कामाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं चालतो. म्हणजे १९८८ चा गेम २०८३ संपेपर्यंत कुलपात. तोवर कुठल्या कॅसेटचे दात शाबूत राहणार? जो मालक स्वतः विकत नाही आणि दुसऱ्याला जपूही देत नाही, त्याचा हक्क मला मानवत नाही. असे गेम नावासकट, सालासकट उतरवून ठेवणाऱ्या अनोळखी माणसांना मी चोर म्हणणार नाही.

खोकं महिनाभर तसंच पडून होतं. गेल्या रविवारी व्हिडिओ गेमच्या डब्याचे स्क्रू काढले. एक कपॅसिटर फुगला होता, तो बदलला. झाकण उलटं केलं तर आतल्या बाजूला पेन्सिलीने १४-५-९७, आणि खाली मामाची सही. तो दुरुस्त केलेल्या प्रत्येक टीव्हीच्या मागच्या झाकणात अशी सही करायचा. गिऱ्हाइकाला ती कधी दिसायची नाही. मी एकदा विचारलं होतं, कशाला? "पुढचा जो उघडेल ना, त्याला कळायला हवं," म्हणाला होता.

मी तिच्याखाली आजची तारीख घातली आणि चारही स्क्रू आवळले.