न रडणारं बाळ

चि. छकुली,

गडचिरोलीतल्या उपकेंद्रात रुजू झालीस, वाचून ऊर भरून आला. पहिल्या आठवड्यातल्या बाळाचं काय बघू, असं विचारलंस. घरचे ज्याला 'गुणाचं' म्हणतील ते बाळ आधी बघ.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका तीन दिवसांच्या बाळाकडे गेले होते. आजी कौतुकानं म्हणाली, "रडतच नाही गं." कुंची सारून हात लावला, तर पोट गार, पावलं गार. आईच्या अंगावर लावलं, तर ओठ हलेनात. कालपर्यंत ओढत होतं म्हणे. श्वास मोजले, मिनिटाला 74. साठाला पोचले तरी धोका असतो. गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. वाटेत, माझ्याच मांडीवर ते गेलं.

जंतुसंसर्ग, हे झालं कागदावरचं कारण. पण बाळ जेमतेम पावणेदोन किलोचं होतं. मूल मोठं झालं तर अडेल, म्हणून आई शेवटचे महिने अर्धपोटी राहिली होती. कळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीही ती रोवणीला गेली होती. जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घातली, चीक पिळून टाकला, मधाचं बोट चाटवलं. सगळं मायेनंच केलं गं. कुणी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

तुझ्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत नवजातांची वजनं आणि मृत्यू नीट मोजले. शंभरातली 42 बाळं अडीच किलोच्या आतली निघाली. हजार जन्मांमागे साठेक नवजात दगावत. गावातल्याच बायकांना श्वास मोजायला, बाळ उबेत ठेवायला, अंगावर पाजायला शिकवलं. गरज पडली तर जंतुसंसर्गावरचं जेंटामायसिन टोचायलाही. तीन वर्षांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. आशाताईंच्या आजच्या घरभेटी त्यातूनच आल्या.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण बाई दोन दिवसांत घरी येते. म्हणून तिसऱ्या दिवसाची भेट पावसापाण्यातही चुकू देऊ नकोस. आणि सातव्या महिन्यातल्या बाईला काय जेवलीस ते विचार. नुसतं "जेवलीस का" विचारलंस, तर ती हो म्हणेल.

माझं सेकंदकाट्याचं घड्याळ पाठवते आहे. बाळ शांत असताना श्वास मोज, पूर्ण एक मिनिट. साठ किंवा जास्त आले, तर पुन्हा एकदा मोज.

तुझी,
मावशी