अंगण वांकडेंच होतें

आमच्या घरांत मोटार आली ती २०२३ सालीं, आणि तीहि दुसऱ्याच्या दारीं आठ वर्षें राबून आलेली. ती चालविण्याचें काम आमच्या पुतण्याकडे आलें, आणि त्याच्या शेजारीं बसून सूचना देण्याचें काम, कोणीं न सांगतां, आम्हांकडे आलें. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या माणसास सूचना देण्यास कोणी तरी लागतेंच.

पहिले कांहीं महिने बरे गेले. पुढें असें दिसूं लागलें कीं, सरळ रस्त्यावरहि मुलाचे हात स्टेअरिंगवर स्थिर राहत नाहींत. कधीं बोटभर डावीकडे, कधीं उजवीकडे. आणि गाडी किंचित् नागमोडी चाले. कठोपनिषदांत शरीरास रथ व बुद्धीस सारथि म्हटलें आहे, हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना सांगत आलेलों. त्यामुळें रथ वांकडा चालला कीं सारथ्याकडे बोट दाखविण्याची आमची संवय. मुलगा म्हणाला, "काका, स्टेअरिंगच ढिलें लागतें आहे." आम्हीं त्याच्या आईदेखत त्यास ऐकविलें, "नाचतां येईना, अंगण वांकडें!"

त्या दिवशीं त्यानें किल्ली खुंटीस अडकविली, ती पंधरा दिवस काढली नाहीं. पानावर बसला म्हणजे आमच्याशीं एक शब्द बोलेना. माघांत आम्हां सर्वांस गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास जावयाचें होतें; कऱ्हाडाहून निघावें तर वाटेंत कुंभार्ली घाट. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावजी, पोराला बोललांत तें बोललांत. आतां गाडीहि एकदां मिस्त्रींना दाखवा."

खरें म्हणजे त्यापूर्वीं एके ठिकाणीं दोनदां अलाइनमेंट करवून घेतलें होतें. आठवडाभर बरें वाटे, मग पुन्हां पूर्ववत्. पुढच्या डाव्या टायरची कडाहि लौकर झिजूं लागली होती. मिस्त्रींनीं हें सारें ऐकून घेतलें व प्रथम चारी टायरांतील हवा मापली, कारण हवा कमी-अधिक असली तरी गाडी भरकटते. हवा ठीक होती. मग ते स्वतः आमची गाडी घेऊन निघाले, तों त्यांचाहि तीस वर्षांचा कसलेला हात तसाच डावा-उजवा होऊं लागला! परत आल्यावर त्यांनीं मुलास आपल्या गाडींत बसविलें. त्यानें ती सुतासारखी सरळ नेली व आणली.

आम्ही गप्प झालों. आमची गाडी असली कीं दोष आहे, मग सारथि कोणीहि असो; ती नसली कीं दोष नाहीं, सारथि तोच असला तरी. ह्यालाच अन्वय-व्यतिरेक म्हणतात. फळ्यावर तो आम्हीं किती वेळां लिहिला असेल! घरच्या मुलास दोष देण्यापूर्वीं लावून पाहण्याचें मात्र सुचलें नाहीं.

पुढील तपासणी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मागील चाकांस दगड लावून पुढची बाजू जॅकनें उचलली व खालीं भक्कम घोडे दिले. नुसत्या जॅकवरील गाडीखालीं कधींहि शिरूं नये. मग मिस्त्रींनीं डावें चाक, घड्याळांत नऊ व तीन असतात त्या जागीं, दोन्ही हातांनीं धरून हलविलें. 'टक्' असा आवाज आला. बारा व सहाच्या जागीं धरून हलविलें, तर चाक मुळींच हललें नाहीं. म्हणजे बेअरिंग निर्दोष. मुलास चाक हलवावयास लावून त्यांनीं आमचें बोट टाय रॉडच्या टोकाच्या सांध्यावर ठेवलें. दोष बोटास कळला.

आपल्या खुब्यांत जसा हाडाचा गोळा वाटींत फिरतो, तसाच हा सांधा. वरची रबरी टोपी फाटून धूळ-पाणी आंत गेलें होतें, व गोळा झिजला होता. म्हणून स्टेअरिंग थोडें फिरलें तरी चाकास त्याचा पत्ता नसे. "मास्तर, हा सांधा घाटांत निखळला असता, तर स्टेअरिंग हातांत आणि चाक भलतीकडे," मिस्त्री म्हणाले. गाडींत सातजण बसणार होतों. त्यांत वहिनी आणि आमची चार वर्षांची नात.

मिस्त्रींनीं दोन्ही बाजूंचे सांधे बदलले. जुना काढतांना किती फेरे फिरले तें मोजून नवा तितकेच फेरे बसविला, नटास नवी पिन घातली, आणि अलाइनमेंट सर्वांत शेवटीं करविलें. तें आधीं करून कां टिकलें नाहीं, तें आतां उमगलें. सांधा डळमळीत असतां घेतलेलें माप दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच खरें.

रागावलों होतों तें चारचौघांत, म्हणून रात्रीं पंगतींत, सर्व पानावर बसल्यावर, आम्हीं मुलास म्हटलें, "अरे, अंगणच वांकडें होतें. आमचें चुकलें." वहिनींनीं वाढतां वाढतां आमच्याकडे पाहिलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. जेवण झाल्यावर मात्र त्यानें खुंटीवरची किल्ली काढून खिशांत टाकली.

माघांत आम्ही कुंभार्ली घाट उतरलों. स्टेअरिंगवर त्याचे हात स्थिर होते, आणि आमचे मांडीवर. खालीं पोफळी येईपर्यंत आमच्या मुखावाटे एकहि सूचना निघाली नाहीं. चिपळूण जवळ आल्यावर तोच म्हणाला, "काका, बरें आहे ना? आज अगदीं गप्प?"

आम्ही म्हणालों, "सांगण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, बाबा. चालूं दे."