लवकर वाळणारी शाई

शाईपेनाविषयी हौसेने बोलणारे बहुधा निबाविषयी बोलतात. शाईचा विषय निघालाच तर तो रंगापाशी थांबतो. अध्यापकाच्या धंद्यात मात्र शाईचा पहिला गुण म्हणजे ती किती लवकर वाळते हा. पर्यवेक्षक म्हणून आम्ही एका सत्रात तीसचाळीस उत्तरपत्रिकांवर सह्या करतो. आमची सही वाळण्याची वाट पाहायला परीक्षार्थीला सवड नसते. तो पान उलटतो आणि आमच्या नावाची उलटी प्रतिमा समोरच्या पानावर उमटते. एरवी हा विनोदाचा विषय. पण उत्तरपत्रिकेवरचा अनोळखी डाग कुणाच्याही मनात संशय निर्माण करू शकतो, आणि मग तो डाग आमचा असला तरी त्याचा जाच विद्यार्थ्याला.

बॉलपेन वापरा, असा सल्ला मिळतो. तो व्यवहार्य आहे, हे मान्य. परंतु शंभर उत्तरपत्रिकांवर शेरे लिहिताना बॉलपेन दाबावे लागते आणि शाईपेन नुसते टेकवावे लागते, हा फरक चाळिशी उलटलेल्या बोटांना कळतो.

शाई वाळते म्हणजे तिच्यातले पाणी काही उडून जाते, काही कागदात जिरते. लवकर वाळणाऱ्या शाईचा भर बहुधा जिरण्यावर असतो. आणि जी चटकन जिरते ती हलक्या कागदावर फुटतेही, पाठीमागेही उमटते. पार्करच्या क्विंकचे नावच मुळी ‘क्विक’ आणि ‘इंक’ यांच्या संधीतून झाले आहे (व्याकरणाच्या अध्यापकाला याचे कौतुक वाटणारच). ती बाजारात आली 1931 मध्ये. पुढे 1941 च्या सुमारास ‘पार्कर 51’ या पेनासाठी याच कंपनीने आणखी वेगाने वाळणारी, तीव्र अल्कधर्मी शाई काढली. ती इतर पेनांच्या सेल्युलॉइडला अपाय करी, म्हणून त्या एका पेनातच वापरावी असे बजावलेले असे. वेगाची किंमत कुणीतरी मोजतोच. तेव्हा पेनाने मोजली, आज कागद मोजतो.

देवनागरी लिहिणाऱ्याची अडचण आणखी निराळी. शब्द लिहून झाला की आपण शिरोरेषेसाठी मागे येतो, म्हणजे ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून निब पुन्हा फिरते. मोडीत रेघ आधी ओढून ठेवत आणि अक्षरे मागाहून तिला टांगत. त्यात ही परतफेरी नव्हती. डावखुऱ्या विद्यार्थ्यांचे हाल तर विचारू नयेत. त्यांचा तळहात प्रत्येक ताज्या अक्षरावरून जातो, करंगळीखालचा भाग निळा होतो, आणि अस्वच्छ लेखनाचे गुण कापताना परीक्षक हाताचा विचार करीत नाही.

आम्ही विभागातल्या दौती जमवून एक साधा प्रयोग केला. प्रयोगाला कागद घेतला तो उत्तरपत्रिकेचाच. गुळगुळीत परदेशी कागदावरची चाचणी आमच्या उपयोगाची नाही. पाच-पाच सेकंदांच्या अंतराने रेघा ओढल्या आणि त्यांवरून बोट फिरवले. हाच प्रयोग पावसाळ्यात पुन्हा केला, तेव्हा सगळ्याच शाया मंदावल्या. सर्वाधिक फरक पडला तो शाईने नव्हे, निबाने: जाड निब काढून बारीक लावले की सामान्य निळी शाईही पुष्कळ सुधारते, कारण कागदावर ती उतरतेच कमी.

टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा. लवकर वाळलेली शाई पाण्याला टिकेलच असे नाही. धुतली जाणारी निळी शाई वाळल्यावरही थेंबाने पसरते. लोहयुक्त निळी-काळी शाई हवेशी संयोग होऊन गडद होत जाते आणि कागदाला धरून राहते. मात्र ती पेनात सुकू दिली तर त्रास देते, पेन वरचेवर धुवावे लागते.

आता आमच्या टेबलावर दोन दौती आहेत. सह्या आणि शेरे यांसाठी लवकर वाळणारी, बारीक निबाच्या पेनात, टिपणवह्यांसाठी लोहयुक्त. टिपणवहीच्या पानाला घाई नसते. विभागातल्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीने पहिली दौत मागून नेली आहे, आणि वही जरा तिरपी धरून हात ओळीच्या खाली ठेवण्याचा सरावही तिने सुरू केला आहे.