मोडेमचा ताप

मराठीत ‘ताप’ या शब्दाला फार राबवून घेतलेले आहे. अंगात येतो तो ताप, उन्हाचा असतो तो ताप, आणि न सांगता मुक्कामाला येणारे नातेवाईक हाही तापच. पूर्वसूरींनी आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक असे त्याचे तीन विभाग पाडून ठेवले आहेत. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या नागपूरच्या घरातील मोडेमला जो ताप चढला, तो यांपैकी कोणत्या विभागात घालावा, हे मात्र आम्हांला अद्याप ठरवता आलेले नाही.

करोनामुळे वर्ग बंद होते आणि एम.ए.चे आमचे तास घरूनच चालत. घर वरच्या मजल्यावरचे. मे महिन्यातील दुपारी तीन वाजता बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. मोडेम होता कपाटाच्या अगदी माथ्यावर, स्लॅबपासून जेमतेम दोन हात खाली. उंचावर ठेवला की रेंज चांगली मिळते, असे आम्ही कुठेतरी वाचले होते. गरम हवाही उंचावरच जाऊन बसते, एवढे शालेय विज्ञान मात्र आम्ही कोळून प्यायलो होतो, आणि कोळून प्यायलेली गोष्ट सहसा आठवत नाही.

त्याचे आजारपणही फसवे होते. दिवे सगळे हिरवे, लुकलुकत असलेले. पण समोरच्या विद्यार्थ्याचा चेहरा मध्येच गोठायचा, आवाज तुटायचा, आणि मग मोडेम आपला आपणच बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. सेवा पुरवणाऱ्यांना फोन केला की ‘बंद करून चालू करा’ हा एकच मंत्र मिळे. वडिलांनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवण्याचे सुचवले. ते विनोदाने म्हणाले की गंभीरपणे, हे त्यांच्या वयाकडे पाहून आम्ही विचारले नाही. कूलरच्या झोतासमोर ठेवून पाहावा असे आमच्याही मनात आले होते. पण कूलरची हवा ओली असते, आणि विजेच्या उपकरणाला ओलावा म्हणजे दुसरे दुखणे.

अशाच एका दुपारी एका विद्यार्थिनीचे सादरीकरण होते. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. ती भामरागड तालुक्यातली. गावात रेंज नाही, म्हणून मोबाईल घेऊन गावामागची टेकडी चढायची. विषय होता तिच्या आजीकडून ऐकलेली रेला गीते. वेळ दुपारी तीनची, आणि ती आम्हीच ठरवलेली होती. टेकडीवर त्या वेळी सावली कुठे असते, याची चौकशी आम्ही केलेली नव्हती.

प्रास्ताविकाची पाच मिनिटे आम्ही ऐकली. नंतर मोडेम गेला. चालू केला, पुन्हा गेला. हात लावला तर इस्त्रीसारखा चटका बसला. आम्ही परत पोहोचलो तेव्हा वर्ग संपत आला होता आणि ती ‘धन्यवाद’ म्हणत होती. बाकीच्यांचे माइक बंद होते. त्यामुळे ऐकणाऱ्यांची शांतता आणि नसणाऱ्यांची शांतता यांत तिला काही फरक जाणवला नसावा.

संध्याकाळी तिचा फोन आला. “सर, कुठपर्यंत ऐकू आलं?”

“सगळं आलं. छान झालं,” आम्ही म्हणालो.

मौखिक परंपरेत श्रोत्याचे स्थान काय, यावर आम्ही दर वर्षी एक तास घेतो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी एक मुलगा आला. स्टुलावर चढून, आई मुलाच्या कपाळाला हात लावते तसा त्याने मोडेमला पालथा हात लावला. मग दोन बोटांच्या चिमटीत एक पांढरे वस्त्र उचलून वडिलांना विचारले, “काका, याले उन्हाळ्यात स्वेटर कायले घातलं जी?”

ते आईने क्रोशाने विणलेले आच्छादन होते. आई २०१८ साली गेली. धूळ बसू नये म्हणून वडिलांनी ते दुहेरी घडी करून मोडेमवर घातले होते. कधी, ते आमच्या लक्षात आले नाही. कपाटाच्या माथ्याकडे घरात पाहतो कोण? त्या मुलाने सांगितले ते थोडक्यात असे. एवढासा डबा दहाएक वॅट वीज खातो आणि तिची अखेर उष्णताच होते. आत पंखा नसतो. खालच्या फटींतून गार हवा शिरायची आणि वरच्या फटींतून गरम होऊन निघून जायची, एवढाच त्याचा श्वास. सभोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असावी, असे त्याच्या पुस्तिकेत छापलेलेही होते. आतले कपॅसिटर तर तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मेच आयुष्य जगतात.

वडिलांना हे पटत नव्हते. त्यांचा पिंड व्हॉल्व्हच्या रेडिओवर पोसलेला. कळ फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबायचे, आतले व्हॉल्व्ह तापायचे, मग आवाज यायचा. “गरम झाला की लागतो” हा त्यांचा अनुभव. गार यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी मेलेले यंत्र.

मोडेम खाली आणून खिडकीपासून दूरच्या भिंतीवर उभा टांगला, मागे दोन बोटे जागा सोडून. आच्छादन हातात घेऊन वडील उभेच होते. ते टाकायचे नाही आणि कपाटातही ठेवायचे नाही, एवढे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. मग आपल्या खोलीतल्या त्या मुक्या रेडिओकडे ते गेले आणि घडी मोडून त्यावर घातले. समोर वीतभर झालर आली, दोन्ही बाजूंनीही आली. मागे मात्र काहीच नाही. वरच्या कडेपाशी वीण संपलेली. तिथे दोरा कमी पडला असावा, असे आम्ही लहानपणापासून समजत आलो होतो. पण रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावरची भोके सगळीच्या सगळी उघडी राहिली होती.

“तिला माहीत होतं,” वडील म्हणाले. “भिंतीला चिकटवू नका म्हणून मलाही बोलली होती.”

त्या संध्याकाळी आम्ही विद्यार्थिनीला फोन करून खरे सांगितले. पाच मिनिटांपुढचे काही ऐकलेले नाही, आणि काल खोटे बोललो. ती थोडा वेळ गप्प होती. पुन्हा वाचशील का, असे विचारण्याचा आम्हांला अधिकार नव्हता, तरी विचारले. गुणांची काळजी करू नकोस, हेही सांगितले. ते वाक्य तोंडातून निघताच ते किती हलके आहे, हे आमचे आम्हांलाच कळले.

“उद्या सकाळी सातला चढते, सर,” ती म्हणाली. “तेव्हा ऊन नसतं.”

सकाळी सातला ती आली. मागे पाखरांचा कलकलाट होता. मोडेम भिंतीवर कोमट होता, एकदाही तुटला नाही. वीस मिनिटे तिने नीट वाचले. शेवटच्या गीतापाशी ती थांबली. हे गीत भाषांतरात जमले नाही, म्हणून माडियातच लिहून ठेवले आहे, असे तिने सांगितले.

“परवा हे म्हणून दाखवलं होतं,” ती म्हणाली. “आज नुसतं वाचते.”

आणि तिने ते वाचले.