मेलेल्या राजाची इस्टेट

इंका म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात : माचू पिच्चू आणि सोनं. पण मला विचाराल तर या लोकांची सगळ्यात भन्नाट गोष्ट वेगळीच आहे. त्यांचे राजे मरायचे, पण रिटायर व्हायचे नाहीत!

म्हणजे असं... राजा हा इंतीचा, म्हणजे सूर्याचा मुलगा. तो वारला की त्याचा देह वाळवून टिकवायचा. गादी मुलाला मिळायची, पण वाडे, जमिनी, नोकरचाकर बापाच्याच नावावर! ती इस्टेट बाकीचं घराणं सांभाळणार. ममीला अन्नपाणी, मक्याची दारू, सणाला कुस्कोच्या चौकात मिरवणूक, शिवाय महत्त्वाच्या बाबतीत तिचा सल्लाही. आपण वर्षातून पंधरा दिवस पितरांना बोलावतो. यांचे पितर बारा महिने घरातच.

मग नव्या राजाने करायचं काय? हातात सत्ता, खिसा रिकामा. म्हणजे नवे मुलूख जिंकणं आलंच. १४३८ च्या सुमारास पाचाकुती राजा झाला आणि पुढच्या जेमतेम शंभर वर्षांत अँडीजमध्ये अवाढव्य साम्राज्य उभं राहिलं. त्यामागे हेही एक कारण होतं, असं काही अभ्यासक मानतात. बरं, हे सगळं घोड्याशिवाय, गाडीच्या चाकाशिवाय. हिशेब किपूवर, म्हणजे दोरीच्या गाठींत. पद्धत चक्क दशमान, आणि शून्य म्हणजे रिकामी सोडलेली जागा! आम्हा डेटाबेसवाल्यांनी हात जोडावेत असं काम.

१६ नोव्हेंबर १५३२ ला पिसारोने १६८ माणसांनिशी काहामार्कात अताहुआल्पा राजाला पकडलं. सुटकेसाठी त्याने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून द्यायचं कबूल केलं. खंडणी आली, पण सुटका काही झाली नाही. १५३३ मध्ये शिक्षा ठरली : जिवंत जाळायचं. तेव्हा त्याने बाप्तिस्मा घेतला. मरण टळलं नाही. फक्त जाळण्याऐवजी गळा आवळला गेला.

वरवर पाहिलं तर राजा घाबरला, धर्म बदलला. पण देह जळला तर ममी नाही, आणि ममी नाही तर पुढचं काहीच नाही. म्हणजे जुना धर्म राखण्यासाठीच त्याने नवा धर्म स्वीकारला, असं नाही वाटत? माझे आजोबा गेले तेव्हा अग्नी दिल्यावर आजी म्हणाली, "सुटले." आपल्याला जी आग मोकळं करते, तीच त्याला कायमचं पुसून टाकणार होती.

पुढे १५५९ मध्ये पोलो दे ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने लोकांनी लपवलेल्या राजांच्या ममी शोधून काढल्या. त्यातल्या काही लिमाला नेल्या. आज त्यांचा पत्ता नाही. कुस्कोतल्या सूर्यमंदिराच्या दगडी भिंती मात्र सांतो दोमिंगोच्या चर्चखाली अजून घट्ट उभ्या आहेत.