एन-थ्रीनंतर

जपानी शिकवणाऱ्याला एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकायला मिळते. "मॅडम, माझं जपानी आहे तिथंच आहे." नवशिके असं कधी म्हणत नाहीत. काताकाना ही जपानी लिपी नुकती जमलेला विद्यार्थी दिसेल ती पाटी वाचत सुटतो, तो खुशीत असतो. तक्रार येते जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री ही मधली पायरी पास झालेल्यांकडून, आणि पुण्यातली कितीतरी हुशार मुलं याच टप्प्यावर वह्या मिटतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण त्यांची भाषा त्या काळातही वाढत असते, फक्त ती वाढ त्यांना दिसत नाही.

सुरुवातीला मराठी माणूस झपाट्याने पुढे जातो. क्रियापद शेवटी, नामाला मागून लागणारे प्रत्यय, ही रचना आपल्या अंगवळणीच पडलेली असते. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणं. बघणं आणि ठेवणं ही क्रियापदंसुद्धा तीच. 'त्सु'चा उच्चार पुष्कळांना जड जातो, आपल्याला 'चूल'मधला च आठवला की काम भागतं. नडतात ते स्वर. 'ओजिसान' म्हणजे काका, 'ओजीसान' म्हणजे आजोबा. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाची एवढी चाड आपण ठेवत नाही, त्यामुळे हा कान तयार व्हायला फार वेळ लागतो.

मग वेग मंदावतो. जपानमध्ये २०१० साली सुधारलेल्या जोयो, म्हणजे नित्य वापरातल्या अक्षरांच्या, यादीत २१३६ कांजी (चिनीतून आलेली अक्षरचिन्हं) आहेत. पण वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या कांजींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सर्वाधिक वापरातल्या हजारभर कांजींनीच भरतो. म्हणजे पहिल्या हजारात पान भराभर उलगडत जातं आणि पुढच्या अकराशेंना कष्ट तेवढेच पडूनही पदरात थोडंच पडतं. शब्दांचंही हेच. शिवाय क्वचित येणारे शब्दच बातमीचा खरा मुद्दा सांगत असतात, त्यामुळे बहुतेक सगळं येत असूनही काहीच कळत नाही असं वाटतं. हा विद्यार्थ्याचा आळस नव्हे.

जेएलपीटी घेणाऱ्यांनाही हा चढ ठाऊक होता. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली तेव्हा तिच्या चार पायऱ्या होत्या. जुन्या तिसरीवरून दुसरीवर जाताना अंतर फार पडतं, म्हणून २०१० साली मध्ये एन-थ्री आली. परीक्षेबद्दल मला आदर आहे; तिच्यामुळे पुण्यातल्या अनेकांना नोकऱ्या मिळाल्या. पण त्या प्रश्नपत्रिकेत पर्याय निवडायचे असतात. बोलणं नाही, स्वतःचं लिहिणंही नाही. त्यामुळे सगळ्यात मोठा बदल जिथे होत असतो, तिथली नोंदच राहत नाही.

ती नोंद मी वर्गात ठेवायला लावते. विषय एकच: काल दिवसभरात काय केलं. तयारी न करता, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. एका विद्यार्थ्याचं पहिलं रेकॉर्डिंग असं होतं: सकाळी उठलो. जेवलो. कंपनीत गेलो. प्रत्येक वाक्य सुटं, आणि नाम व प्रत्यय यांच्या मधेच तो अडखळायचा. वर्षभरानंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये नवे शब्द मोजकेच होते. पण 'उठून, जेवून, मग' अशी वाक्यं एकमेकांत गुंफली होती, आणि थांबणं आता कल्पना संपते तिथे येत होतं. मधे सुचलं नाही तर मराठी 'म्हणजे'ऐवजी 'एएतो' येत होतं. दोन्ही लागोपाठ ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "हा पहिला मीच का?" विरामांच्या जागा बदलणं ही मला प्रगतीची सगळ्यात भरवशाची खूण वाटते. ती कुठल्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

वाचनासाठी मी स्वतः एकच पुस्तक पुन्हा पुन्हा हातात घेत आले आहे: नात्सुमे सोसेकींची १९०६ सालची 'बोच्चान'. तोक्योचा एक तापट तरुण शिकोकू बेटावर मास्तर म्हणून जातो, त्याची ही गोष्ट. प्रत्येक वाचनाच्या खुणा मी वेगळ्या रंगात करते. पहिल्या वाचनात जवळजवळ ओळीओळीवर पेन्सिलीने कांजींचे उच्चार लिहिलेले आहेत. तिथली माणसं वाक्याच्या शेवटी 'ना मोशी' लावतात, ते तेव्हा मला नुसतं न कळणारं शेपूट वाटलं होतं. पुढच्या वाचनात उच्चारांच्या खुणा विरळ होत गेल्या आणि समासात वेगळेच प्रश्न आले: इथे कर्ता गाळलाय, मग बोलतंय कोण? हा आदर खरा की टोमणा? आता त्या 'ना मोशी'तला संथपणा ऐकू येतो, आणि शहरी घाईत वाढलेला नायक त्यावर का चिडतो तेही कळतं. मधल्या काळात मी कुठलीच नवी परीक्षा दिलेली नव्हती.

दुभाषी म्हणून कारखान्यात काम करतानाही हीच वाढ उपयोगी पडते. जपानी अभियंता "चोत्तो..." म्हणून वाक्य अर्धवट सोडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा 'नाही' म्हणत असतो. समोरच्या सुपरवायझरला ते त्याच क्षणी मराठीत कळावं लागतं. हे ओळखायला शब्दकोश कामाला येत नाही. अशी असंख्य अर्धी वाक्यं कानावरून गेलेली असावी लागतात. ती ज्या वर्षांत कानावरून जातात, नेमकी तीच वर्षं विद्यार्थ्याला वाया गेल्यासारखी वाटतात.

म्हणून या डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे. निकालाची वाट बघण्याआधी पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा. त्यावर तारीख घाला आणि जुलैची परीक्षा होईपर्यंत ते ऐकू नका. मग त्याच विषयावर पुन्हा बोला आणि दोन्ही माझ्याकडे घेऊन या.