पंचवटी टू तपोवन, व्हाया सावली

नाशिकचा वीकेंड म्हणजे मिसळ आणि वायनरी, हे समीकरण यावेळी जरा बाजूला ठेवा. सीता गुंफेपाशी या. पंचवटीला ज्यांच्यावरून नाव पडलं ते पाच वड इथलेच, असं मानतात. बुंध्यांवर चक्क नंबर आहेत, एक ते पाच!

तिथून तपोवन गाठा, गोदा-कपिला संगमापाशी. चिंच, कडुनिंब, जांभूळ, उंबर... सगळी ओळखीची मंडळी. भर एप्रिलात इथं शिरलं की मला एसी केबिन आठवते. फक्त इथं बॉस नसतो.

याच झाडांसाठी नोव्हेंबर 2025 मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले. 2027च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं, म्हणून महापालिकेने सुमारे 1800 झाडांची तोड, छाटणी, पुनर्रोपण अशी नोटीस काढली होती. हरकतींचा ढीग पडला, लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, अभिनेते सयाजी शिंदेही आले. डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तोडीला अंतरिम स्थगिती दिली.

'बदल्यात नवी लावू' हे मला काही पटत नाही. 2021च्या कायदादुरुस्तीनुसार पन्नाशी गाठलेलं झाड 'हेरिटेज'. आणि तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे साठ वर्षांच्या चिंचेबदल्यात साठ रोपं. हिशेब चोख, पण त्यांची तेवढी चिंच व्हायला पाच सिंहस्थ जायला हवेत.

जाल तर सकाळी लवकर जा. उंबराची फळं थेट खोडालाच लगडतात, आणि वर कुठंतरी तांबट टुकटुकत असतो.